सापडलेला दगड अशनी आहे का, आणि असल्यास तो विकता येतो का? नवख्या संग्राहकासाठी मार्गदर्शन

वेगळा वाटणारा दगड दिसला की हात आपोआप त्याच्याकडे जातो. तो हात क्षणभर आवरून आधी मोबाइल बाहेर काढावा. दगड ज्या स्थितीत पडलेला आहे त्याच स्थितीत त्याची चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आकाराचा अंदाज यावा म्हणून एका छायाचित्रात शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी, मोबाइलमधील नकाशावरून अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत आणि तारीख, वेळ, शेताचा गट क्रमांक, जमीनमालकाचे नाव एवढ्या गोष्टी तिथेच उभ्या उभ्या लिहून काढाव्यात. घरी गेल्यावर लिहू म्हटले की निम्मे विसरते. ही कटकट वाटते खरी. पण दगड खरोखरच आकाशातून आलेला निघाला, तर प्रयोगशाळा असो, संग्रहालय असो वा गिऱ्हाईक असो, प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो की तो नेमका कुठे, केव्हा आणि कोणाला सापडला. या प्रश्नाला उत्तर नसेल तर अस्सल दगडाचाही भाव पडतो.

शब्दांचा एक घोळही आधीच मिटवून टाकू. आकाशात क्षणभर दिसणारी प्रकाशाची रेघ ती उल्का, आणि त्यातून वाचून जमिनीपर्यंत पोहोचलेला दगड तो अशनी. रोजच्या बोलण्यात दोहोंना उल्काच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. मात्र अर्जात किंवा पत्रात ‘अशनी’ असे लिहावे, आणि खात्री होईपर्यंत ‘संशयित अशनी’ असे लिहावे.

पहिली पायरी: दगड कोणाचा, हे आधी पाहावे

बहुतेक नवखे आधी दगड तपासत बसतात आणि तो विकायला काढल्यावर मालकीचा विचार करतात. हा क्रम उलटा हवा, कारण कायद्याचे उत्तर काय येते त्यावर पुढच्या सगळ्या पायऱ्या अवलंबून आहेत.

भारतात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही अशनींची अधिकृत राखणदार संस्था आहे आणि देशात पडलेले वा सापडलेले अशनी तिच्या हवाली करावयाचे असतात. तिचा मध्यवर्ती अशनीसंग्रह कोलकात्यात आहे. म्हणून महाराष्ट्रात, गोव्यात किंवा देशात अन्यत्र सापडलेला अशनी विकण्याचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडावा. दगड आपल्याच शेतात पडला, आपल्याच कौलांवर पडला, या सबबीने व्यवहार निर्धोक होत नाही. ताजा दगड पडल्याचे कळले तर पोलीस पाटील, तलाठी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना कळवावे. जुना दगड सापडला असेल तर सर्वेक्षणाच्या कार्यालयाशी थेट पत्रव्यवहार करावा. मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे आणि पुण्यातही कार्यालय आहे. दगड हातून देताना वजन, छायाचित्र आणि तारीख असलेली पोचपावती मात्र आग्रहाने घ्यावी. पैसे मिळत नाहीत, पण दगड कोणाला सापडला ही नोंद राहते.

ही नोंद किती मोलाची असू शकते याचे उदाहरण विदर्भातच आहे. 22 मे 2012 रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल आणि आसपासच्या परिसरात दगड पडले. मोठा आवाज झाला, लोक घराबाहेर आले आणि पुढच्या काही दिवसांत गोळा झालेल्या तुकड्यांचे एकूण वजन सुमारे 13 किलो भरले. बाजाराच्या भाषेत बोलायचे तर हा अगदी साधा, ‘एल 6’ गटातला दगडी अशनी होता. परंतु पुढे त्याच्या अभ्यासात ब्रिजमनाइट हे खनिज आढळले. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात सर्वाधिक असलेले, पण पृष्ठभागावर नैसर्गिक स्वरूपात जवळजवळ कधीच हाती न लागणारे असे ते खनिज आहे. काटोलचे ते तुकडे खिशाखिशांतून पांगले असते तर हे कधीच कळले नसते.

परदेशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी नियम वेगळे आहेत, आणि देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत खासगी जमिनीवर सापडलेला अशनी सामान्यतः जमीनमालकाचा असतो, म्हणून शोधायला जाण्याआधी मालकाची लेखी परवानगी आणि सापडल्यास वाटणी कशी करायची याचा साधा करार करावा. भूव्यवस्थापन विभागाच्या ताब्यातील संघीय जमिनींवर हौशी माणसाला वर्षाला 10 पौंडांपर्यंत अशनी विनापरवाना गोळा करता येतात, मात्र ते विकता येत नाहीत; विक्रीसाठी गोळा करायचे तर वेगळा परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यानांत हातच लावायचा नाही. कॅनडात मालकी जमीनमालकाची असली तरी दगड देशाबाहेर नेण्यास निर्यात परवाना हवा. पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडलेला अशनी सरकारजमा होतो. अर्जेंटिनाने 2007 च्या कायद्याने अशनींना सांस्कृतिक वारशाचे संरक्षण दिले आहे, आणि ओमानमधून परवानगीशिवाय ते बाहेर नेता येत नाहीत. आखातात नोकरीला असलेल्यांनी सुट्टीच्या दिवशी वाळवंटात फिरताना हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे.

मालकीचा प्रश्न मोठ्या व्यवहारांनाही सोडत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये नायजर देशाच्या अगादेझ भागात सापडलेला, सुमारे 24.7 किलोचा मंगळावरचा अशनी जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 53 लाख डॉलरना गेला. आणि तो दगड देशाबाहेर गेलाच कसा, याची चौकशी नायजर सरकारने लगोलग सुरू केली.

दुसरी पायरी: ताजा की जुना, ते ठरवून हाताळावा

आकाशात अग्निगोल दिसला आणि काही वेळाने गडगडाट ऐकू आला, तर दगड जमिनीपर्यंत पोहोचण्याची शक्यता असते. ‘तो पलीकडच्या टेकडीमागे पडला’ असे प्रत्येक साक्षीदार शपथेवर सांगतो आणि प्रत्येक वेळी ते चूक असते. प्रकाश साधारणपणे 20 किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरच विझतो आणि पुढचा प्रवास अंधारात होतो; क्षितिजाजवळ विझलेला गोळा प्रत्यक्षात शंभर-दोनशे किलोमीटर दूर असू शकतो. त्यामुळे धावत सुटण्यापेक्षा आपण कुठे उभे होतो, गोळा कोणत्या झाडामागून कोणत्या खांबापर्यंत गेला आणि किती सेकंदांनी आवाज आला, हे लिहून ठेवणे अधिक उपयोगी. आसपासच्या बंगल्यांच्या सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी मागून घ्यावे. अनेक तुकडे पडले असतील तर ते लंबवर्तुळाकार पट्ट्यात विखुरतात आणि जड तुकडे प्रवासाच्या दिशेने पुढे सापडतात. गवत जळलेले, जमिनीतून धूर निघालेला, दगड तापून लाल झालेला अशी वर्णने आली तर समजावे की कारण दुसरेच आहे; अशनी जमिनीवर येईपर्यंत थंडच झालेला असतो.

ताज्या दगडाला पाणी लावायचे नाही, साबण लावायचा नाही, चुंबक लावायचे नाही आणि फोडून तर मुळीच पाहायचे नाही. स्वच्छ ॲल्युमिनियमच्या फॉइलने उचलून त्यातच गुंडाळावा आणि झिप असलेल्या पिशवीत ठेवावा. राजस्थानात जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे 6 जून 2017 रोजी पडलेला अशनी कार्बनयुक्त आणि ठिसूळ होता. असा दगड मृगाचा एक पाऊस जरी अंगावर घेता तरी अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मोठे नुकसान झाले असते. घाई करण्याचे आणखी एक कारण असे की, अवकाशात असताना वैश्विक किरणांमुळे दगडात काही अल्पायुषी किरणोत्सारी अणू तयार होतात, आणि ते मोजायचे तर दगड लवकर प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत असे काम दीर्घकाळ चालत आले आहे. या किरणोत्साराने आपल्याला काही अपाय होत नाही. त्याची मात्रा अतिशय क्षीण असते.

पुढच्या पायरीतील चाचण्या फक्त जुन्या, शेतात वा माळावर पडून असलेल्या दगडांसाठी आहेत.

तिसरी पायरी: घरच्या घरी चाचण्या

इथे थोडे थांबून महाराष्ट्राच्या भूमीचा विचार करायला हवा. राज्याचा मोठा भाग बेसाल्टने, म्हणजे आपल्या काळ्या कातळाने व्यापलेला आहे. त्या कातळात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते, त्यामुळे दोऱ्याला टांगलेले चुंबक त्याच्याकडे किंचित झुकते. तो काळा असतो, जड वाटतो आणि झिजला की तपकिरी सालही धरतो. काळ्या कातळावर, काळ्या कापूसमातीत, चार महिने पावसात काळा दगड शोधायचा, म्हणजे नव्या माणसाची परीक्षाच. सहारात, अंटार्क्टिकात, चिलीच्या अटाकामात किंवा ऑस्ट्रेलियाच्या नलारबोर मैदानात अशनी अधिक सापडतात ते तिथे अधिक पडतात म्हणून नव्हे. तिथे ते उठून दिसतात आणि लवकर गंजत नाहीत म्हणून.

लोणारविषयी अनेकजण विचारतात. बुलढाणा जिल्ह्यातील ते विवर अशनीच्या आघाताने झाले आहे हे खरे; पण आघात करणारी वस्तू त्या धडाक्यात वितळून आणि वाफ होऊन गेली. तिथे मिळते ती वितळलेल्या बेसाल्टची काच आणि आघाताने बदललेला खडक. ‘लोणारचा अशनी’ म्हणून कोणी तुकडा विकत असेल तर तो कातळच विकतो आहे. शिवाय ते अभयारण्य आणि भूवारसा स्थळ आहे. तिथला खडादेखील उचलू नये.

आता चाचण्या. पहिली चाचणी डोळ्यांची. ताज्या दगडी अशनीवर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, काळी, वितळून झालेली साल असते. जुन्यावर ती तपकिरी होते. कडा बोथट असतात, आणि कधी कधी, विशेषतः लोखंडी अशनीवर, कणकेत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असतात. दगडाच्या आत फुग्यांची छिद्रे दिसली तर तो जवळजवळ नक्कीच अशनी नव्हे. गारगोटीचे पांढरे चकाकते खडे दिसले तरी तोच निकाल. जांभा, कोळशाची जळकी ढेप, ओतकामाच्या भट्टीतली धातुमळी यांच्यात छिद्रे असतात आणि फसवणारे दगड बहुतेक याच घराण्यांतले असतात. माझा स्वतःचा पहिला ‘अशनी’ कोल्हापूरच्या बाहेर रस्त्याकडेला सापडला होता. काळा, जड, चुंबकाला चिकटणारा असा तो दगड मी चार महिने कपाटात कापसात ठेवला होता. त्या परिसरात ओतकामाचे किती कारखाने आहेत हे ठाऊक असूनही मला ते त्या वेळी सुचले नाही. शेवटी एका अनुभवी संग्राहकाने एक कोपरा घासून आतले फुगे दाखवले, तेव्हा प्रकरण मिटले. विदर्भात तर धातुमळी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचीही असू शकते. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी मिळालेली आहे. तसली मळी अशनी नसली तरी पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाची असते, म्हणून तीही जागेवरून हलवू नये.

दुसरी चाचणी कसाची. बाथरूमच्या फरशीच्या मागची, चकाकी नसलेली बाजू घ्यावी आणि तिच्यावर दगड जोराने ओढावा. विटकरी-लाल रेघ उमटली तर तो हेमाटाइट, म्हणजे लोहखनिज. रेडी, गोवा आणि गडचिरोलीतील सूरजागड या भागांत तो मुबलक आहे. ठळक काळी रेघ उमटली तर मॅग्नेटाइट. अशनीची रेघ बहुधा उमटतच नाही किंवा फिकट राखाडी उमटते.

तिसरी चाचणी घनतेची, आणि माझ्या मते घरगुती चाचण्यांत सर्वांत विश्वासाची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, रुंद तोंडाचे प्लॅस्टिकचे भांडे आणि दोरा एवढे पुरते. आधी कोरड्या दगडाचे वजन करावे. समजा ते 412 ग्रॅम आले. मग भांड्यात पाणी भरून ते काट्यावर ठेवावे आणि काटा शून्यावर आणावा. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असा हातात धरून ठेवावा. या वेळी काटा जो आकडा दाखवतो तो दगडाने सारलेल्या पाण्याचा असतो, म्हणजेच दगडाचे घनसेंटिमीटरमधील आकारमान. तो 118 आला तर 412 भागिले 118, म्हणजे घनता सुमारे 3.5. आपला घट्ट बेसाल्ट 2.8 ते 3 च्या आसपास राहतो, साधे दगडी अशनी साधारण 3.2 ते 3.8 मध्ये येतात, मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट 5 च्या वर जातात आणि लोखंडी अशनी 7 ते 8 मध्ये असतात. हात थरथरतो म्हणून माप तीनदा घ्यावे आणि सरासरी काढावी. 2.9 आली तर स्वतःची समजूत घालून पुढच्या दगडाकडे वळावे.

चुंबकाची चाचणी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण लोक तिच्यावर नको तितका विसंबतात. बहुतेक अशनींत लोह-निकेलचा मिश्रधातू असतो म्हणून ते चुंबकाकडे ओढले जातात हे खरे; पण चुंबकाला चिकटणारे भूतलावरचे दगड अशनींपेक्षा असंख्य पटींनी जास्त आहेत. उलट काही अशनींत धातू जवळजवळ नसतोच. 17 ऑगस्ट 2022 रोजी गुजरातमध्ये दियोदर परिसरात पडलेला दगड ऑब्राइट या दुर्मीळ, फिकट रंगाच्या प्रकारचा होता. भारतात असा दगड त्यापूर्वी 1852 मध्ये उत्तर प्रदेशातील बस्ती येथे पडला होता. दियोदरचा दगड माळावर जुना होऊन पडला असता तर नुसते चुंबक घेऊन फिरणाऱ्याने त्याला ओलांडून वाट धरली असती. दुसरे असे की, जोरदार निओडिमियम चुंबक दगडाला लावले की त्याच्या मूळ चुंबकीय स्मृतीवर आपल्या चुंबकाचा ठसा उमटतो आणि मंगळासारख्या ग्रहाच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राचा पुरावा कायमचा पुसला जातो. म्हणून फ्रीजवर लावतो तसले कमकुवत चुंबक दोऱ्याला टांगून नुसते जवळ न्यावे. ते झुकले की पुरे, चिकटवायचे नाही.

एवढ्या चाचण्यांतून दगड निभावला तर पॉलिश पेपरवर त्याचा नखाएवढा कोपरा घासून छोटी खिडकी करावी. भिंगातून पाहिल्यावर राखाडी-तपकिरी पार्श्वभूमीवर चांदीसारखे चमकते धातूचे कण विखुरलेले दिसले, आणि सोबत मोहरीएवढे किंवा त्याहून लहान गोल दाणे दिसले, तर छातीत थोडी धडधड व्हायला हरकत नाही. त्या गोल दाण्यांना कॉन्ड्र्यूल म्हणतात आणि पृथ्वीवरच्या खडकांत ते नसतात. पूर्ण धातूचा गोळा असेल तर प्रश्न निकेलचा असतो. लोखंडी अशनीत निकेल साधारण 5 टक्क्यांपासून पुढे असते, धातुमळीत आणि बिडात ते नसल्यातच जमा. सोन्याची शुद्धता तपासणाऱ्या हॉलमार्किंग केंद्रात एक्स-रे यंत्र असते आणि ओळखीच्या सराफामार्फत तिथे दगड ठेवून पाहता येतो. पण त्या यंत्राची जुळणी सोन्यासाठी केलेली असते, त्यामुळे आकड्यांवर न जाता निकेल दिसते का एवढेच पाहावे. निकेलसोबत भरपूर क्रोमियम दिसले तर तो स्टेनलेस स्टीलचा तुकडा समजावा. चंद्रपूरकडे सिमेंट कारखान्यांच्या आसपास गुळगुळीत लोखंडी गोळे सापडतात, ते चक्कीत क्लिंकर, म्हणजे सिमेंटचे भाजलेले खडे, दळण्यासाठी वापरलेले असतात. असे तीन गोळे आजवर माझ्याकडे ‘आकाशातून पडले’ म्हणून आलेले आहेत.

चौथी पायरी: वर्गीकरण आणि नाव

आपण म्हणतो म्हणून दगड अशनी होत नाही. जगभरातील अशनींची अधिकृत नोंद मिटिऑरिटिकल सोसायटी या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बुलेटिनमध्ये होते आणि तिच्या नामकरण समितीने मान्य केलेले नाव तेच खरे नाव. नाव व्यक्तीचे नसते, सापडल्या ठिकाणाचे असते. सहारातून येणाऱ्या, नेमके ठिकाण माहीत नसलेल्या दगडांना ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे अनुक्रमांक असे नाव मिळते. त्यासाठी या विषयात काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने पातळ काप घेऊन खनिजांचे विश्लेषण करावे लागते आणि नमुन्याचा एक भाग मान्यताप्राप्त संस्थेत कायमचा ठेवावा लागतो. हा भाग 20 ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या 20 टक्के, यांपैकी जो कमी असेल तो. म्हणजे 60 ग्रॅमच्या दगडातून 12 ग्रॅम गेले. पहिल्यांदा हे ऐकून जिवावर येते; पण त्या 12 ग्रॅमांमुळे उरलेल्या 48 ग्रॅमांना किंमत येते.

शास्त्रज्ञाला पत्र लिहिताना दोन-तीन स्पष्ट छायाचित्रे, घासलेल्या खिडकीचे छायाचित्र, घनता, कसाचा निकाल आणि सापडल्याची नोंद एवढेच पाठवावे. ‘माझ्या दगडाची किंमत किती?’ हा प्रश्न त्या पत्रात आला की उत्तर बहुधा येत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. वर्गीकरणाला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

पाचवी पायरी: जिथे विक्री कायदेशीर आहे तिथे विकणे

भाव ठरतो तो प्रकारावर, एकूण उपलब्ध वजनावर, पडताना पाहिलेला की नंतर सापडलेला यावर, आणि दगडाच्या स्थितीवर. साध्या, गंजलेल्या सहारी कॉन्ड्राइटला, म्हणजे कॉन्ड्र्यूल असलेल्या दगडी अशनीला, ग्रॅममागे फार तर डॉलर-दोन डॉलर मिळतात. चंद्र आणि मंगळावरचे दगड त्याच्या कितीतरी पट जातात. वर्तमानपत्री आकड्यांवर मुळीच विसंबू नये. 2020 मध्ये इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर कोलांग येथे एका कारागिराच्या घराच्या पत्र्यातून अशनी आत आला, तेव्हा तो 18 लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. प्रत्यक्षात त्याच्या हाती सुमारे 14 हजार डॉलर आले होते. ही रक्कमही काही कमी नव्हे, पण त्या बातम्यांमुळे कित्येक भाबड्या माणसांनी अंगणातले दगड कोटींच्या भावाने मनात विकून टाकले.

विक्रीच्या मजकुरात अधिकृत नाव, प्रकार, ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन, आधीच्या मालकांची साखळी आणि एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याशेजारचे छायाचित्र असावे. वर्गीकरण झाले नसेल तर ‘वर्गीकरण न झालेला’ असे ठळकपणे लिहावे आणि दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध अशनीशी ‘साम्य असलेला’ अशी पळवाट काढू नये. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियात चेल्याबिन्स्क येथे आकाशात मोठा स्फोट होऊन अशनी पडले, त्यानंतर काही दिवसांतच बाजारात नकली तुकडे आले होते, तेव्हापासून जाणकार गिऱ्हाईक आधी विक्रेत्याची पत पाहते. आंतरराष्ट्रीय अशनी संग्राहक संघटनेचे सदस्य विकलेल्या नमुन्याच्या अस्सलपणाची हमी देतात. नवख्याने निदान पहिली काही खरेदी अशा विक्रेत्यांकडूनच करावी. भारतात बसून संग्रह करायचा असेल तर मार्ग हाच: परदेशातून रीतसर, बिलासह, अधिकृत नावाचा छोटा तुकडा घ्यावा आणि सीमाशुल्काच्या कागदावर वर्णन खरे लिहावे. पुढे तो तुकडा विकायची वेळ आली तर ते बिलच आपल्या मालकीचा पुरावा असते. दगड कापून विकण्याचा मोह नवख्याने टाळावा. करवतीच्या पात्याखाली बराच माल भुकटी होऊन जातो आणि चुकीचा काप परत जोडता येत नाही.

आपल्याकडच्या एका फसवणुकीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. ‘राईस पुलर’ (तांदूळ ओढून घेते असे सांगितले जाणारे भांडे), ‘इरिडियम’, ‘वीज पडलेले भांडे’ या नावांनी लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्या देशभर वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत, आणि त्याच साच्यात आता ‘आकाशातला दगड’ही बसवला जातो. क्रम ठरलेला असतो. कोणी ओळखीचा माणूस परदेशी कंपनीच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगतो, किंमत कोटींत बोलली जाते, मग दगड किरणोत्सारी आहे म्हणून शास्त्रज्ञ विशेष पोशाखात तपासायला येणार असतात आणि त्या तपासणीचा खर्च विकणाऱ्याने आगाऊ द्यायचा असतो. अस्सल व्यवहारात तपासणीसाठी पोशाख लागत नाही, आणि गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून पैसे घेत नाही. असा फोन आला तर पैसे देण्याआधी पोलीस ठाणे गाठावे.

राहता राहिली जपणूक

लोखंडी अशनी गंजतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर डोळ्यांदेखत गंजतात. नमुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करावा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा भरावे. उघड्या बोटांनी हाताळू नये, घामातले क्षार गंजाला आमंत्रण देतात. प्रत्येक नमुन्याबरोबर त्याची चिठ्ठी त्याच डब्यात असावी, आणि त्या चिठ्ठीचे छायाचित्र वेगळे जपून ठेवावे.

चाचणीत नापास झालेले काही दगड जपून ठेवावेत. माझ्या टेबलावर एका ट्रेमध्ये कोल्हापूरची ती धातुमळी, रेडीचा हेमाटाइट, सह्याद्रीतल्या बेसाल्टचा एक घट्ट आणि एक छिद्रांचा तुकडा, रत्नागिरीचा जांभा आणि चक्कीतला एक गोळा असे सहा नमुने चिठ्ठ्यांसह मांडलेले आहेत. कोणी नवा दगड घेऊन आला की मी तो आधी त्या ट्रेशेजारी ठेवतो, आणि दहांतल्या नऊ वेळा पाहुणा स्वतःच त्या सहांपैकी एकाकडे बोट दाखवतो.